चिंगीचं कॅल्शियम

आमची चिंगी घरी आली तेव्हा कोटाच्या बटणाएवढी होती. रेड-इअर्ड स्लायडर जातीचं पाण्यातलं कासव, डोळ्यामागे लाल पट्टा. दुकानदाराने वाळक्या कोळंबीचा डबा दिला आणि आठ महिने आम्ही तेवढंच घातलं. एकदा पाणी बदलताना तिच्या पाठीची कड बोटाखाली दबली, भिजल्या पुठ्ठ्यासारखी. डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला, हाडं पातळ झाली होती. त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून मी काय करते ते सांगते.

कासवाच्या खाण्यात फॉस्फरसच्या निदान दीडपट, शक्यतो दुप्पट कॅल्शियम हवं. बिनहाडाच्या चिकनमध्ये हे प्रमाण अगदी उलटं असतं. म्हणून लाडाने चिकनचे तुकडे घालू नका. छोटे गप्पी मासे काट्यांसकट खाऊ द्या. पाल्यात जास्वंदीची आणि तुतीची पानं उत्तम. पालक, माठ, चुका यांत ऑक्झॅलेट भरपूर, ते कॅल्शियम बांधून ठेवतं, म्हणून मी ते टाळते.

वरचं कॅल्शियम म्हणून मी समुद्रफेन वापरते, म्हणजे माकुळाच्या पाठीतलं पांढरं, हलकं हाड. माझं माहेर गुहागरचं, तिथे ते किनाऱ्यावर सापडतं. आणलं की चार दिवस गोड्या पाण्यात भिजवायचं, पाणी रोज बदलायचं आणि कडक उन्हात वाळवायचं. किनारा जवळ नसेल तर काष्ठौषधीच्या दुकानात किंवा पक्ष्यांचं खाणं विकणाऱ्याकडे मिळतं, फक्त साधं, काही न मिसळलेलं मागा. मागची कडक पाठ सुरीने काढून टाका, तिचे कपचे टोचतात. मऊ भागाचा सुपारीएवढा तुकडा पाण्यात सोडला की तो तरंगतो आणि कासव मनाला येईल तेव्हा कुरतडतं. चिंगीने पहिले दोन आठवडे त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. काढून घेऊ नका, राहू द्या.

तोवर पावडर. कॅल्शियम कार्बोनेटची, फॉस्फरस नसलेली. ती पाण्यात टाकून उपयोग नाही, सगळी टाकीच्या फिल्टरमध्ये जाते. मी चायना ग्रास उकळते, थोडं निवलं की त्यात वाफवलेला मासा आणि जास्वंदीची पानं वाटून घालते. एक वाटी लगद्याला अर्धा चमचा पावडर. ताटलीत थापून वड्या पाडायच्या आणि फ्रीझरमध्ये ठेवायच्या. वडी पाण्यात लगेच विरघळत नाही, त्यामुळे पावडर पोटात जाते. वाढत्या पिल्लाला आठवड्यातून तीनदा, मोठ्याला एकदा. अंड्याची टरफलं दहा मिनिटं उकळून, वाळवून, मिक्सरमध्ये पिठासारखी बारीक केली तरी चालतात.

एका शेजाऱ्यांनी पानाचा चुना सुचवला होता. तो कधीही घालू नका. चुना दाहक असतो, तोंड आणि डोळे भाजतात. आपल्या कॅल्शियमच्या गोळ्याही नकोत, त्यातल्या डी३ जीवनसत्त्वाचं प्रमाण आपल्या वजनासाठी असतं आणि डी३ जास्त झालं तर मूत्रपिंडांवर परिणाम होतो.

आणि ऊन. त्याशिवाय हे सगळं वाया जातं, कारण उन्हातल्या यूव्हीबी या अतिनील किरणांनी अंगात डी३ तयार झालं तरच कॅल्शियम नीट शोषलं जातं. खिडकीची काच हे किरण अडवते. मी सकाळी अर्धा तास चिंगीला गॅलरीत टबात ठेवते, अर्ध्या टबावर पाट, म्हणजे तापलं की सावलीत जाता येतं. वर जाळी हवीच, आमच्या डोंबिवलीत कावळे टपलेले असतात. पावसाळ्यात यूव्हीबी ट्यूब लावते. ती दिसायला वर्षानुवर्षं उजेड देते, पण किरण आधीच मंदावतात, म्हणून दर जूनला नवी.

मादी असेल तर नर नसतानाही अंडी धरते, तेव्हा कॅल्शियमची गरज वाढते. टाकीत सारखी मागच्या पायांनी उकरू लागली तर वाळूची खोल पेटी द्या. खाणं सोडून मलूल झाली तर अंडं अडकलं असू शकतं, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

पाठ मऊ लागली, पाय थरथरले, चालताना पोट जमिनीला घासलं, तरी घरी पावडर वाढवत बसू नका. चिंगीला तेव्हा इंजेक्शनं लागली होती. कड पुन्हा कडक व्हायला पाच महिने गेले, आणि तिथला एक खवला अजूनही थोडा आत वळलेला आहे.