माळव्याच्या काळ्या मातीत युक्का

युक्का हे अणकुचीदार पानांचे झाड मूळचे अमेरिका खंडातले. त्याची जोशुआ वृक्ष ही जात मोहावी वाळवंटात, तर ग्लॉका ही जात उत्तर अमेरिकेच्या कोरड्या गवताळ मैदानांत वाढते. तिथल्या वाळूमिश्रित जमिनीत पाणी थांबत नाही. इंदूरची काळी माती मात्र पावसाळ्यात ते धरून ठेवते आणि मुळे कुजतात. म्हणून अंगणात खड्डा न खोदता विटांचा दीड फूट उंच वाफा बांधावा व त्यात माती, जाड वाळू आणि बारीक खडी समप्रमाणात मिसळावी. फेब्रुवारीत लागवड केल्यास पावसापूर्वी मुळे धरतात. माती पूर्ण सुकल्यावरच पाणी द्यावे, पावसाळ्यात मुळीच देऊ नये. पानांची टोके अणकुचीदार असल्याने मुलांच्या वाटेवर झाड नसावे.

फुले आली तरी बियांची अपेक्षा ठेवू नये. मूळ अधिवासात युक्का-पतंगाची मादी परागांचा गोळा स्वतः नेऊन दुसऱ्या फुलाच्या कुक्षीवर, म्हणजे पराग स्वीकारणाऱ्या टोकावर, दाबते आणि बीजांडकोशात, म्हणजे जिथे बिया तयार होतात तिथे, अंडी घालते. तिच्या अळ्या थोड्या बिया खातात, उरलेल्या रुजतात. निसर्गातली इतकी विलक्षण भागीदारी मला दुसरी ठाऊक नाही. तो पतंग इथे नसल्यामुळे बुंध्यालगतचे फुटवे धारदार चाकूने वेगळे करावेत, आठवडाभर सावलीत सुकवावेत आणि मगच लावावेत.