युरोपात पीएचडी हवी असेल तर नोकरीची जाहिरात शोधा

एमएस्सीचे निकाल लागले की दर्यापूरकडून फोन सुरू होतात. "ताई, तिकडे पीएचडीची एन्ट्रन्स कधी रायते?" एन्ट्रन्स नसते. नेदरलँड्स, स्वीडन, डेन्मार्क या देशांत पीएचडी ही बहुतेक वेळा पगारी नोकरी असते. जागा निघते, जाहिरात येते, मुलाखत होते. इथे नेदरलँड्समध्ये करार साधारण ४ वर्षांचा असतो. जर्मनीत टीव्ही-एल १३ ही वेतनश्रेणी चालते. पण पुष्कळ जागांवर तिचा ६५ टक्के किंवा अर्धाच पगार देतात, म्हणून जाहिरातीतला टक्का आधी बघा.

जाहिराती युरॅक्सेस या संशोधनातल्या नोकऱ्यांच्या युरोपीय संकेतस्थळावर मिळतात, नेदरलँड्ससाठी अकॅडेमिक ट्रान्सफर या संकेतस्थळावर, शिवाय विद्यापीठांच्या स्वतःच्या पानांवर. युरोपियन युनियनच्या पैशातून चालणाऱ्या 'मारी स्क्लोडोव्स्का-क्युरी' डॉक्टरल नेटवर्कच्या पीएचडीच्या जागा तर सोडूच नका. त्यांची अट अशी, की रुजू होण्याआधीच्या ३६ महिन्यांत तुम्ही त्या देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेले नसावे. अकोल्यात बसून अर्ज करणाऱ्याला ही अट आडवी येतच नाही.

खरी मेहनत पत्रात आहे. "मला लहानपणापासून विज्ञानाची आवड" हे वाक्य खोडा. जाहिरातीची प्रिंट काढा, त्यांनी मागितलेल्या प्रत्येक गोष्टीसमोर आपण केलेलं काम लिहा. आपण खारपाणपट्ट्यातले. पूर्णेकाठच्या विहिरींचं पाणी खारं, ते दिलं की जमीन चोपण होते, हे आपल्याला पुस्तकातून शिकावं लागत नाही. पण पत्रात तेवढं पुरत नाही. किती शेतांतून माती घेतली, किती खोलीवरून, क्षारता कशावर मोजली, आकडेमोड 'आर' या सॉफ्टवेअरमध्ये केली की एक्सेलमध्ये, ते लिहा. त्यानंतर त्यांच्या प्रकल्पातल्या कोणत्या प्रश्नाला ते काम जाऊन भिडतं, ते दोन वाक्यांत सांगा. एकच पत्र पन्नास प्राध्यापकांना पाठवणाऱ्यांची मला कीव येते. वाचणाऱ्याला पहिल्या ओळीतच कळतं.

जर्मनीत जाहिरातीशिवाय थेट प्राध्यापकांना लिहिण्याचीही रीत आहे. तिथेही त्यांचा एखादा ताजा शोधनिबंध वाचूनच लिहा, आणि मेल छोटा ठेवा.

शिफारसपत्राचं आपल्याकडचं "तूच लिहून आण, मी सही करतो" इथे बरेचदा चालत नाही. लिंक थेट सरांच्या मेलवर जाते. तेव्हा सरांना आधी विचारा, तुमचा प्रबंध आणि जाहिरात दोन्ही त्यांना द्या, आणि मुदतीच्या आठवडाभर आधी आठवण करा. लाजू नका. आणखी एक कटकट नावाची. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पासपोर्टवर क्रम वेगळा. सगळ्या अर्जांत पासपोर्टसारखंच नाव टाका. इंग्रजीचा पुरावा म्हणून कॉलेजचं माध्यमाचं प्रमाणपत्र काही ठिकाणी चालतं, काही ठिकाणी आयईएलटीएसच लागतं. जाहिरात सांगेल ते करा.

अशा पगारी जागेसाठी एजंट लागत नाही. "लाखभर द्या, जागा पक्की" म्हणणाऱ्याला सरळ वाटेला लावा. पगार नसलेली जागा मिळाली, तर अनुसूचित जातीच्या मुलामुलींनी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीच्या अटी जरूर बघाव्यात.

अर्जाची मुदत त्या त्या देशाच्या घड्याळाने असते. हिवाळ्यात नेदरलँड्स-जर्मनीतले रात्रीचे ११.५९ म्हणजे आपले पहाटेचे ४.२९, उन्हाळ्यात ३.२९. पण गावात लाइन कधी जाईल याचा नेम नाही. अर्ज दोन दिवस आधीच टाका, आणि पोचल्याचा मेल आला का ते बघा.