दोन देवदिवाळ्यांच्या मधला रविवार: कमाटीबागेतल्या फोटोफेरीची तयारी

बडोद्यातल्या मराठी माणसाच्या वाट्याला देवदिवाळी दोनदा येते. शेजारच्या गुजराती घरात ती त्रिपुरी पौर्णिमेला, आपल्याकडे मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला. मधले पंधरा दिवस कॅमेरा घेऊन कमाटीबागेत हिंडायचे. चिखल वाळलेला असतो, थंडी अजून बोचत नाही आणि ऊन तिरकं झालेलं असतं. आम्ही सहा-सात जण दर वर्षी या दिवसांतला एक रविवार ठरवतो, आणि दर वर्षी कुणीतरी विचारतंच, "काय काय आणायचं?" म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी घरी काय ठेवून यायचं ते. मोबाइलवर पाहिलेली लाल-केशरी पानांची झाडं डोक्यातून काढून या. ती आपल्याकडे या दिवसांत नसतात. आपली पानगळ शिशिरातली, फेब्रुवारी-मार्चची. आत्ता बाग हिरवीगार आहे. आत्ता आपल्याकडे असते ती फूलगळ. बुचाच्या झाडाखाली पहाटे जाऊन बघा. रात्री उमललेली पांढरी, लांब नळीची फुलं सकाळी जमिनीवर उतरलेली असतात. काही उभी पडतात, पाकळ्या खाली आणि नळी वर, एखादी छत्री उलटी ठेवावी तशी. जवळून पाहिलं तर नळीचा रंग वरून खाली बदलत जातो, मध्येच किंचित गुलाबी झाक असते. झाडाची साल भेंडासारखी, जाड आणि हलकी. हलक्या प्रतीची बुचं तिच्यापासून करत, म्हणून नाव बूच. ही फुलं नऊपर्यंत मलूल होतात. त्याआधीच झाडूवाल्या बाई येतात. गेल्या वर्षी मी एकीला विनवलं, एवढा एक तुकडा राहू दे. तिने झाडू काखेत धरला आणि म्हणाली, "पांच मिनिट आपुं छुं बेन, पछी वाळी नाखीश." म्हणजे, मग झाडून टाकीन. मोजून पाच मिनिटं दिली तिने. माझा सगळ्यात चांगला फोटो त्या पाच मिनिटांतला आहे.

तेव्हा गजर साडेपाचचा लावा. सूर्योदय सातच्या सुमारास होतो, पण साडेसहाला फाटकाशी असायला हवं. उजाडतानाचा तो निळसर अर्धा तास वडाच्या पारंब्यांसाठी ठेवायचा. मेअखेरीस जवळजवळ माथ्यावर येणारा सूर्य या दिवसांत भर दुपारीसुद्धा सेहेचाळीस अंशांच्या आसपासच चढतो, त्यामुळे सावल्या दिवसभर लांब असतात. तरी साडेनऊनंतर मजा कमी होते. तोवर वारा सुटतो, फुलं हलायला लागतात आणि खेळायला आलेली पोरं सगळीकडे पसरतात. पोरांबद्दल तक्रार नाही, बाग त्यांचीच आहे.

आदल्या रात्री करायच्या कामांत बॅटरी पहिली. दोन असतील तर दोन्ही चार्ज करा. आणि कार्ड कॅमेऱ्यातच आहे ना, हे उघडून, डोळ्यांनी बघा. हे सांगायचा मला पुरेपूर अधिकार आहे. दांडियाबाजारातून रिक्षा करून, बागेजवळच्या काळ्या घोड्याच्या पुतळ्यापाशी उतरून, मोठ्या थाटात कॅमेरा काढला आणि कार्ड घरी लॅपटॉपमध्ये. त्या दिवशी मी सगळ्यांच्या पिशव्या सांभाळल्या. जुने फोटो उतरवून कार्ड रिकामं केलंत तर ते तिथल्या तिथे परत आत घाला. मोबाइलवाल्यांनी जागा मोकळी करा आणि सकाळी पहिली गोष्ट म्हणजे लेन्स पुसा. खिशातल्या मोबाइलच्या लेन्सवर बोटाचं तेल असतंच, आणि उन्हासमोर धरला की सगळं दुधाळ दिसतं.

लेन्स एकच आणा. चार आणणारा माणूस फोटो काढत नाही, लेन्स बदलत बसतो. मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून टिपणारी, असेल तर उत्तम, नसेल तर कॅमेऱ्यासोबत आलेली चालते. मोबाइल असेल तर फुलाच्या नाकाशी नेऊ नका. दोन पावलं मागे या आणि दुप्पट झूम करा, फुलाचा आकार बिघडत नाही. पोर्ट्रेट मोड फुलांना वापरू नका, पाकळ्यांच्या कडा खातो.

एक गोष्ट मात्र नीट समजून घेऊन या, कारण दर वर्षी निम्मे फोटो तिथेच वाया जातात. ओल्या काळ्या मातीवर एकच पांढरं फूल असेल तर कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर मातीकडे बघतं, सगळा अंधारच आहे असं समजून चित्र उजळवतं आणि फूल जळून पांढरा ठिपका उरतो. तिथे एक्स्पोजर, म्हणजे चित्राचा उजेड, उणे करा, दोन तृतीयांश किंवा सरळ एक. उलट जमीन फुलांनी गच्च भरली असेल तर मीटर उजेड फार समजून सगळं राखाडी करतं, तिथे अधिक करा. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांची छटा ठरवणारी सोय, 'ऑटो'वरून काढून ढगाच्या चिन्हावर ठेवा. ऑटो सकाळचं सोनेरी ऊन प्रामाणिकपणे धुऊन काढतो. फुलांना लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ आठच्या आसपास ठेवा. पार उघडलंत तर एक पुंकेसर स्पष्ट येतो आणि बाकी धुकं.

पिशवीत घरातल्या वस्तूंना जागा ठेवा. डब्याचं स्टीलचं झाकण सावलीतल्या फुलावर उजेड टाकायला. काळा कार्डपेपर मागे धरायला. कपड्यांचे दोन चिमटे, आडवी येणारी फांदी न मोडता बाजूला धरायला. जुनं प्लॅस्टिकचं टेबलक्लॉथ, कारण गुडघे टेकावे लागतात आणि गवत दवाने चिंब असतं. मऊ सुती फडकं दोन. डासांचं मलम, पाण्याची बाटली, सुटे पैसे. पाण्याचा फवारा आणू नका. खोटं दव मला बघवत नाही. खरं दव समोर असताना तर नाहीच.

कपडे साधे. अर्ध्या बाह्यांचा स्वेटर आठपर्यंत लागतो, मग कमरेला. बूट असे घाला की भिजले तरी हळहळ वाटणार नाही.

बागेविषयी थोडं. सयाजीरावांच्या काळात १८७९ साली विश्वामित्रीच्या काठी ही बाग झाली, शंभरावर एकर. आपल्यातले एक काका दर वर्षी म्हणतात, वनस्पती उद्यान म्हणजे बंगळूरचं लालबाग. त्यांना मीही दर वर्षी सांगते, त्या लालबागेला वळण देणारे जर्मन उद्यानतज्ज्ञ क्रुम्बिगल तिकडे जायच्या आधी आपल्या गायकवाडांच्या चाकरीत होते. संग्रहालयाची इमारत आत्ता बाहेरूनच टिपायची. आत निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे, त्यासाठी वेगळा दिवस काढा. फुलांचं घड्याळ सगळे काढतात, तुम्हीही काढा आणि मोकळे व्हा.

बुचानंतर सातवीण शोधा, म्हणजे सप्तपर्णी. आधी वास येतो. काहींना तो मोहक वाटतो, माझं त्याने डोकं उठतं. फुलं उंचावर असतात, तेव्हा मान मोडत बसू नका, खालची फांदी बघून पानं मोजा. नाव सात पानांचं, पण एका चक्रात पाचही सापडतात, आठही. उन्हाकडे तोंड करून उभे राहिलात तर पानांमागून उजेड येतो आणि एकेक शीर मोजता येते. कांचनाची जांभळट फुलं याच दिवसांत येतात, पानाला दोन पाळ्या असतात. झाडाचं नाव कळलं नाही तर चार फोटो घ्या: पूर्ण झाड, खोड, पानाची पुढची बाजू, मागची बाजू. नुसत्या फुलावरून नाव विचारलंत तर कुणीच धड सांगू शकत नाही.

फुलं तोडायची नाहीत, फांदी हलवून पाडायचीही नाहीत. फाटकावरच्या माणसाने मोठ्या कॅमेऱ्याबद्दल किंवा ट्रायपॉडबद्दल हटकलं तर हुज्जत नको, ट्रायपॉड पिशवीत जाऊ दे. फिरायला आलेल्या आजी-आजोबांचा फोटो विचारून घ्या. तुळशीची लग्नं उरकली की माणसांची सुरू होतात, त्यामुळे रंगीत धूर सोडणारी एखादी जोडी फोटोग्राफरसह भेटेलच. त्यांच्या मागच्या झाडासाठी थांबू नका, त्यांना वेळ लागतो.

आणि नदी. पुलावरून, कठड्याच्या आतून काय ते काढा. विश्वामित्रीत मगरी आहेत, आणि थंडीच्या दिवसांत त्या ऊन खायला काठावर येऊन पडतात. चिखलाच्या रंगाची मगर दहा पावलांवरूनही दगड वाटते. काठावर उतरून धोबी पक्ष्याचा फोटो घ्यायला निघालेल्या एका भाच्याला मी दंडाला धरून वर आणलं आहे. तो पक्षी हवा असेल तर हिरवळीवर पाणी सोडतात तिथे उभे राहा, शेपूट हलवत धोबी तिथेच येतो.

साडेनऊला सगळे फाटकाशी. तिथून सेव-उसळ. कॅमेरे पिशवीत, पिशवीची चेन बंद, मगच ऑर्डर. तिखट रश्शाचा तवंग बोटावरून झूमच्या कड्यात गेला की कुठलंच फडकं उपयोगाचं नाही.