रद्दीतून वही शिवताय? मग या चुका टाळा

परीक्षा संपल्या की घराघरांतून अर्ध्या कोऱ्या वह्यांचा गठ्ठा निघतो, ऑफिसातून पाठकोरे कागद येतात, आणि आपल्या सोलापुरात तर चादर-टॉवेलच्या कारखान्यातले कापडाचे तुकडे, सुताचे रिकामे कोन, जॅकार्डची जुनी पंच केलेली कार्डं (मागावर नक्षी ठरवणारे भोकांचे पुठ्ठे), लग्नपत्रिका असलं सगळं सहज मिळून जातं. म्हणजे मटेरियलची काही कमी नाही. पण होतं काय, की सगळी मेहनत कव्हरवर जाते आणि वही पंधरा दिवसांत सुटते, नाहीतर उघडून ठेवली की आपोआप मिटते, शाई पसरते, मग ती तशीच कपाटात पडून राहते. माझ्या मते जिच्यात कोणी लिहिलंच नाही त्या वहीने कागद वाचवला असं म्हणता येत नाही, रद्दीत जायला थोडा उशीर झाला एवढंच. त्यामुळे आधी लिहिता येईल असं बघा, नक्षी नंतर.

कागद न तपासता गठ्ठा उचलणे

सगळ्यात पहिली आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात गंभीर चूक. ऑफिसच्या पाठकोऱ्या कागदांत लोकांच्या आधार कार्डाच्या झेरॉक्स असतात, पॅन असतं, बँकेचं स्टेटमेंट, कुणाचा रक्त तपासणीचा रिपोर्ट, मोबाईल नंबर. आणि ती वही तुम्ही भाचीला देणार किंवा प्रदर्शनात विकणार! असे कागद एकेक करून बाजूला काढा आणि फाडून भिजवा, त्यांचा लगदा करता येतो, पण वहीत एकही जाता कामा नये. मुलांच्या उत्तरपत्रिका, हजेरीचे कागद यांनाही हेच लागू.

मग पिना. स्टेपलरची एक जरी पिन राहिली तरी पावसाळ्यात गंजून डाग पडतो, आणि प्रेसमध्ये कटिंगला दिलात तर मशीनचं पातं खराब होतं, एकदा असं झालं की तो माणूस पुन्हा तुमचं काम हातात घेणार नाही. दुकानाच्या, एटीएमच्या त्या गुळगुळीत पावत्या म्हणजे थर्मल पेपर, तो वहीतही नको आणि लगद्यातही नको. चकचकीत मासिकांच्या कागदावर बॉलपेन घसरतो आणि शाई पटकन वाळत नाही, तो कव्हरच्या आत लावायला ठेवा.

पाठकोरे कागद साध्या वहीसारखे दुमडणे

ही चूक तर सगळेच करतात. कागद मधे दुमडून एकात एक घातले की एक बाजू कोरी, एक छापील, पुन्हा कोरी, पुन्हा छापील, आणि लिहिणाऱ्याचा मूडच जातो. त्यापेक्षा प्रत्येक कागद छापील बाजू आत घेऊन वेगवेगळा दुमडा आणि वही करताना दुमडलेली कड बाहेरच्या बाजूला, म्हणजे आपण पान उलटतो तिकडे ठेवा, उघड्या दोन कडा शिवणीकडे. आता छापलेलं सगळं पानाच्या पोटात गेलं आणि बाहेर दोन्हीकडे कोरं, शिवाय पान दुहेरी झाल्यामुळे पेन पलीकडे उमटत नाही. याला शिवण मात्र कडेने, वरून खाली आरपार घालावी लागते, त्यामुळे शिवणीकडे २ सेंटिमीटर तरी मोकळी जागा सोडा, नाहीतर ओळीची सुरुवात शिवणीत गडप होते. अशी वही पूर्ण सपाट उघडत नाही हे मान्य, म्हणून ती फार जाड करू नका.

शाळेच्या वह्यांचं वेगळंच असतं. मधे पिन मारलेल्या वहीत पुढचं एक पान फाडलं की मागचं त्याचं जोडीदार पान सुटं होतं, कारण तो मुळात एकच कागद. अशी सुटी पानं तशीच मधे घालून शिवली की पहिल्याच आठवड्यात बाहेर येतात. दोन सुटी पानं शेजारी ठेवा, मधल्या रेघेवर २ सेंटिमीटर रुंदीची पातळ कागदाची पट्टी चिकटवा, वाळू द्या, मग दुमडा, झाली जोडी तयार.

ग्रेन न बघणे

कागदातले तंतू साधारण एकाच दिशेने बसलेले असतात, त्यालाच बायंडिंगवाले ग्रेन म्हणतात. ओळखायला सोपं आहे, कागद हलकेच वाकवून बघा, ज्या बाजूने कमी विरोध करतो त्या घडीला समांतर ग्रेन असतो. किंवा कोपऱ्यातला एक तुकडा एका बाजूने ओला करा, तो नळीसारखा गुंडाळला जाईल, त्या नळीची लांबी म्हणजे ग्रेनची दिशा. वहीच्या पाठीच्या कण्याला ग्रेन समांतर पाहिजे. उलटा आला तर घडीवर कागद तडकतो, पानं ताठ उभी राहतात आणि वही मिटत जाते.

आता गंमत बघा, आपला प्रिंटरचा ए-४ कागद बहुतेक वेळा लांबीच्या दिशेने ग्रेन असलेला असतो. तो मधे दुमडून ए-५ वही केली तर घडी ग्रेनला आडवी पडते. तोच कागद आडवा मधे कापून दोन तुकडे केले आणि ते दुमडले तर ए-६ ची खिशातली वही होते आणि ग्रेन बरोब्बर येतो. म्हणून ए-४ ची रद्दी भरपूर असेल तर छोट्या वह्या करा, त्या छान वागतात. ए-५ करायचीच असेल तर एका जुजात, म्हणजे एकात एक घालून दुमडलेल्या कागदांच्या गठ्ठ्यात, ४ पेक्षा जास्त कागद घालू नका आणि प्रत्येक घडी स्टीलच्या चमच्याच्या पाठीने दाबून घ्या.

शिवणीतले घोटाळे

जुज जाड केला की आतले कागद बाहेर सरकतात, कड जिन्यासारखी दिसते, आणि टोचा (भोक पाडायची टोकदार सळी) मारताना भोक तिरकं जातं. भोकं दुमडीच्या अगदी रेघेवर पाडा, आतल्या बाजूने, खाली जाड पुठ्ठा किंवा जुना टॉवेल घेऊन. सुईनेच भोक पाडत शिवत गेलात तर घडी फाटते, आधी टोच्याने भोक, मग सुई.

दोरा हा आपल्याकडचा खास विषय. सोलापूरच्या पूर्व भागात लूमचं, म्हणजे मागाचं, सूत हाताशी असतं म्हणून ते सुटं एकेरी सूत घेतलं जातं, ते शिवताना मऊ पडतं आणि तुटतं. तीन-चार पदर एकत्र पिळून, मेणबत्तीवरून ओढून घ्या, मग चालतं. उलट पॉलिस्टरचा बारीक चिवट दोरा स्वतः तुटत नाही, कागदाला कापतो. तीन भोकांच्या साध्या शिवणीला वहीच्या उंचीच्या अडीच पट दोरा लागतो, म्हणजे ए-५ ला अर्धा मीटरच्या थोडा वर. गाठ आवळताना दोरा घडीच्या दिशेनेच ओढा, वर उचलून ओढलात की कागद चिरतो.

खळ आणि पुठ्ठा

मैद्याची खळ एक वाटीला चार-पाच वाट्या पाणी, मंद आचेवर ढवळत ढवळत, कच्चा पांढरेपणा जाऊन ती जराशी पारदर्शक दिसायला लागेपर्यंत. अर्धवट शिजवलेली खळ वाळल्यावर पापुद्र्यासारखी सुटते. गार झाल्यावर गाळून घ्या, गुठळी राहिली की कव्हरवर कायमचा उंचवटा. आपल्या उन्हाळ्यात ती दुसऱ्या दिवशी आंबते, म्हणून थोडीच करा. टिकावी म्हणून तुरटी घालायची सवय सोडा, तिच्या आम्लामुळे कागद काही वर्षांनी ठिसूळ होतो. जुने बायंडर कसर लागू नये म्हणून मोरचूद घालायचे, पण ते विषारी आहे, मुलांच्या हातात जाणाऱ्या वहीत अजिबात नको.

कव्हर वाकणे ही सगळ्यात जास्त येणारी तक्रार. कारण असं की ओला कागद किंवा कापड फुगतं आणि वाळताना आकसतं, आकसताना पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतं. मे महिन्यात भर दुपारी फॅनखाली काम केलंत तर वरची बाजू झटक्यात वाळते आणि पुठ्ठा पन्हाळीसारखा होतो. उपाय म्हणजे आतल्या बाजूनेही कागद चिकटवायचा, ग्रेन त्याच दिशेने ठेवून, म्हणजे दोन्हीकडची ओढ सारखी होते, आणि मग प्लॅस्टिकचा कागद मधे घालून रात्रभर जड वजनाखाली. पाटा असेल तर उत्तम. काम शक्यतो सकाळी करा.

पुठ्ठा कुठला घ्यावा? टॉवेल-चादरीच्या पार्सलचे नालीदार खोके घेऊ नका, आतली नाली दबते आणि कोपरे चेंगरतात. परीक्षेचं जुनं पॅड, रायटिंग पॅडच्या मागचा घट्ट पुठ्ठा चांगला. मिठाईच्या खोक्याला तूप लागलेलं असेल तर त्यावर खळ धरत नाही. सुताचे कोन कापून सपाट करायचा प्रयत्न बरेच जण करतात, तो पुठ्ठा गोल गुंडाळूनच दाबलेला असतो, कितीही वजन ठेवा, वाकणारच. जॅकार्डची कार्डं मात्र मला फार आवडतात, चादरीवरची नक्षी त्या भोकांनीच ठरवलेली असते, कव्हरवर ती भोकं दिसली की वहीला सोलापूरचा चेहरा येतो. फक्त कार्डाच्या कडेची झिजलेली भोकं शिवणीसाठी वापरू नका, तिथूनच ती फाटतात. आणि तेलाचे डाग पुसून, दोन दिवस हवेशीर ठेवून मगच लावा.

चादरीचं कापड थेट चिकटवणे

चादरीचं कापड जाड, विण मोकळी. त्यावर खळ लावली की ती आरपार येते आणि वाळल्यावर समोर पांढरट ठिपके. आधी कापडाला मागून अस्तर द्या, पातळ कागदावर घट्ट खळ लावून कापड त्यावर ताणून बसवा, पूर्ण वाळू द्या, मग कापा, म्हणजे कड पण उसवत नाही. कोपऱ्यावर जास्तीचं कापड तिरकं कापून टाका, नाहीतर तिथे गोळा होतो आणि कव्हर बसत नाही. रंग जातो का ते ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून आधीच बघा. टॉवेलचं लव असलेलं कापड कव्हरला नकोच, खळ पिऊन कडक होतं आणि धूळ धरतं.

लग्नपत्रिका दुमडण्याआधी बोथट टोकाने रेघ दाबून घ्या, नाहीतर घडीवर रंग तडकतो. आणि पत्रिकेवर गणपती किंवा सिद्धेश्वर महाराजांचं चित्र असेल तर ते कव्हरवर घेऊ नका, वही जमिनीवर ठेवली जाते, पायाला लागते, घरातल्या मोठ्यांना ते बरं वाटत नाही. चित्र सोडून बाकीचा भाग वापरा.

लगद्याचा कागद घरी करताना

मिक्सरमध्ये सुताचे तुकडे टाकू नका, पात्याला गुंडाळतात आणि मोटर जळते. पुण्यात १९४० मध्ये सुरू झालेली हातकागद संस्था सुती चिंध्यांपासून कागद करण्यासाठी ओळखली जाते, पण त्या कामाला बीटर नावाचं वेगळं यंत्र लागतं. घरी फक्त रात्रभर भिजवलेला कागद, मूठभर कागदाला भांडंभर पाणी, थोडं थोडं फिरवा. फार फिरवलं की तंतू तुटतात आणि कागद हाताळताच फाटतो. उन्हात वाळवला तर चुरगळतो, सावलीत कापडावर वाळवा. वाळल्यावर पातळ खळीचा हात दिला नाही तर शाई टिपकागदासारखी पसरते. लगद्याचं उरलेलं पाणी पुढच्या घाण्याला वापरा, आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, आणि मोरीत ओतलं तर पाईप तुंबतो.

झालेली वही बिघडली तर

कव्हर वाकलं असेल तर आतल्या बाजूला अगदी थोडं ओलं फडकं फिरवून पुन्हा वजनाखाली ठेवा. एखादं पान निघालं तर त्याच्या कडेला केवळ ३ मिलिमीटर खळ लावून ते शिवणीत सरकवा, फेव्हिकॉल जास्त लावलात की शेजारची पानं पण चिकटतात. शिवण सैल पडली असेल तर ती ओढून घट्ट करू नका, जुना दोरा कापून काढा आणि त्याच भोकांतून नवीन घाला. पावसाळ्यात बुरशीचा वास आला तर वही पंख्यासारखी उघडून सावलीत उभी ठेवा, एखाददुसरा दिवस लागतो.