उन्हाळ्यात कोळंबीच्या टाकीत भर कुठल्या पाण्याची?

सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि चेरी श्रिंपच्या (शोभेसाठी पाळतात त्या छोट्या लाल कोळंबीच्या) टाकीतलं पाणी ३० अंशांच्या वर चढतं. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. त्यात रात्री वनस्पतीही तोच वापरतात. म्हणून स्पंज फिल्टर (हवेच्या पंपावर चालणारा, बुडबुडे सोडणारा) रात्री बंद करू नका. झाकण काढून, जाळी टाकून, पाण्यावर तिरका छोटा पंखा लावा. आपली हवा कोरडी, त्यामुळे पाणी २ ते ४ अंशांनी उतरतं. बर्फ टाकू नका, तापमानाचा झटका उष्म्याहून वाईट.

पण पंख्याने पाणी भराभर आटतं आणि खरी चूक इथेच होते. उडून जातं ते निव्वळ पाणी, क्षार मागेच राहतात. त्यावर बोअरचं जड पाणी ओतत राहिलात की टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, आठवड्यागणिक चढतो. मग कात टाकताना कोळंबी अडकते, पाठीवर डोक्यामागे पांढरी कडी दिसते आणि ती बहुधा वाचत नाही. रोजची घट आरओच्या पाण्याने भरा (मशीन बाहेर टाकतं त्या वाया पाण्याने नव्हे!).

आठवड्याला १० टक्के पाणी बदलताना मात्र क्षार हवेतच. नळाचं पाणी उघड्या बादलीत दिवसभर ठेवा, क्लोरीन उडू द्या, मग बारीक नळीला गाठ मारून थेंबथेंब सोडा. टीडीएस १५० ते २५० असू द्या.

आणि त्या खोलीत डासांचं लिक्विड मशीन लावू नका. हवेचा पंप तीच हवा पाण्यात सोडतो. माशांच्या आधी कोळंबी मरते.