समुद्राकाठी बाग करताय? या चुका टाळा

गोव्यातल्या मोरजी-मांद्रे भागात घर बांधून झालं की बागेसाठी पहिल्यांदा येतो तो तांबड्या मातीचा ट्रक. आम्हीही तेच केलं होतं. पुळणीत काही जगणार नाही असं वाटून वीतभर सड्याची (जांभ्याच्या पठारावरची) माती पसरली. पावसात तिच्यावर पाणी तुंबलं, उन्हात तिला भेगा पडल्या आणि डिसेंबरात रोपं उपटली तर मुळं काळी पडलेली. किनाऱ्यावरच्या झाडांना पाणी चटकन निचरणारी वाळूच मानवते. माती आणायचीच तर मागच्या दारच्या केळी-अबोलीपुरती आणा.

समोरची वाळूची टेकडी सपाट करणं ही सगळ्यात वाईट चूक, कारण ती सुधारता येत नाही. शिवाय ते बेकायदा आहे. किनारी नियमनाच्या २०११ च्या अधिसूचनेत गोव्यातल्या या टेकड्यांना खास संरक्षण आहे. मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग हे किनारे तर कासवांच्या अंडी घालण्याच्या जागा म्हणून त्यात नावानिशी आहेत. तेव्हा टेकडीवर बाग करायचीच नाही. आपली बाग कुंपणाच्या आत.

टेकडीवरची मर्यादवेल रान समजून काढून टाकतात, ते पाहून जीव तुटतो. एकदा खाली बसून बघा. पान बकरीच्या खुरासारखं दुभंगलेलं, वेल वाळूवर लांबच लांब धावते आणि पेर टेकेल तिथे मूळ सोडते. वाऱ्याने आलेली वाळू पानांशी अडते, वेल तिच्यातून पुन्हा वर येते. टेकडी अशीच उभी राहते. रावणमिशी हे वाळूतलं गवतही हेच काम करतं. कुंपणाच्या आत मर्यादवेल हवी असेल तर शेजाऱ्याच्या आवारातून फाटे मागून आणा, टेकडीवरून उपटू नका. मी ते नारळी पौर्णिमेच्या सुमारास लावते. वारा मंदावलेला असतो, वाळू ओली असते.

समुद्राकडच्या कडेला निर्गुडी आणि केवडा लावा (केवड्याला काटे असतात, वाटेपासून दूर), त्यांच्या आडोशाला उंडी, करंज, परस भेंडी. सुरू भराभर वाढतो म्हणून लोक लावतात, पण तो इथला नाही. त्याच्या गळलेल्या काड्यांचा थर इतका जाड बसतो की खाली वेल-गवत तग धरत नाही. पिवळ्या फुलांचं वेडेलिया नर्सरीवाले आग्रहाने देतात. घेऊ नका, ते कुंपण ओलांडून पसरतं.

पानांच्या कडा करपल्या तर आधी कुठल्या बाजूच्या ते बघा. फक्त समुद्राकडच्या असतील तर तो खारा वारा. गोड्या पाण्याने पानं धुवा, रोप आडोशाला न्या. सगळं झाड पिवळं पडत असेल तर मुळाशी बोटं खुपसा, बहुतेक वेळा पाणी जास्त झालेलं असतं. मे महिन्यात विहिरीचं पाणी जिभेवर घेऊन बघा. खारट लागलं तर नवी रोपं त्यावर पोसू नका.

आणि बागेतले दिवे. साधारण नोव्हेंबर ते मार्च कासवं अंडी घालायला येतात, पिल्लं पुढे मे महिन्यापर्यंतही बाहेर पडतात. ती उजळ दिसेल त्या दिशेला चालत सुटतात. समुद्राकडे तोंड असलेला दिवा तेवढे महिने काढूनच ठेवा. वाटेपुरता हवाच असेल तर गुडघ्याच्या खाली, झाकण लावून, जमिनीकडे वळवलेला.