हेल्सिंगबोर्ग १७१०ची फौज रंगवताय? या चुका टाळा

स्वीडिश म्हटलं की निळा-पिवळा आणि डॅनिश म्हटलं की लाल, एवढ्या भांडवलावर बरेच जण टेबलावरच्या युद्धखेळासाठी ग्रेट नॉर्दर्न वॉरच्या (१७००-२१, स्वीडनविरुद्ध रशिया, डेन्मार्क आणि त्यांचे मित्र) छोट्या मूर्तींच्या फौजा रंगवायला घेतात. दक्षिण स्वीडनमधल्या हेल्सिंगबोर्गच्या लढाईला हे दोन्ही ठोकताळे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. ब्रश हातात घेण्याआधीच चूक होऊन बसलेली असते, आणि दोनशे शिपाई रंगवून झाल्यावर ती लक्षात आली की फार जिवावर येतं. म्हणून आधी साल पक्कं करा, मग रंगाची बाटली उघडा.

१७०९च्या उन्हाळ्यात रशियाशी लढताना पोल्टाव्हाला स्वीडनचा राजा बारावा चार्ल्स याची मुख्य फौज संपली. डेन्मार्कच्या चौथ्या फ्रेडरिकने ती संधी साधली. १६५८च्या तहात गमावलेला स्कोने प्रांत परत घ्यायला त्याने नोव्हेंबरमध्ये हेल्सिंगबोर्गच्या दक्षिणेला सैन्य उतरवलं. (हाच तो फ्रेडरिक, ज्याने पाठवलेला मिशनरी त्सीगेनबाल्ग १७०६ साली तामिळनाडूतल्या तरंगमबाडीला पोचला. त्या डॅनिश वसाहतीचा खंड तंजावरच्या भोसल्यांच्या दरबारी जमा होत असे. मराठी वाचकाला हा राजा वाटतो तितका परका नाही.) स्कोनेचा गव्हर्नर माग्नुस स्टेनबॉक याने त्याच हिवाळ्यात रेजिमेंटा नव्याने उभ्या केल्या आणि शहराच्या वेशीवर योर्गेन रांटसाऊच्या डॅनिश सैन्याला हरवलं. दोन्हीकडे साधारण चौदा-चौदा हजार माणसं होती. डॅनिश कॅलेंडरप्रमाणे ती तारीख १० मार्च, स्वीडिश कॅलेंडरप्रमाणे २८ फेब्रुवारी. स्वीडनने त्या काळात स्वतःचंच वेगळं कॅलेंडर चालवलं होतं, त्यामुळे बेसवर (मूर्तीखालच्या पाटीवर) तारीख लिहिणार असाल तर कोणाची लिहिताय ते ठरवून घ्या.

सगळे डॅनिश लाल

सर्वांत जास्त दिसणारी चूक हीच. लाल कोट डॅनिश पायदळात सरसकट आला तो या लढाईनंतरच्या वर्षांत. हेल्सिंगबोर्गला उतरलेल्या बहुतेक पायदळ रेजिमेंटा करड्या कोटात होत्या. उलटवलेल्या बाह्या आणि अस्तर, म्हणजे ज्याला आपण फेसिंग म्हणतो, त्याचा रंग तेवढा रेजिमेंटप्रमाणे बदलायचा. राजाची पायदळ गार्ड मात्र पेंढ्यासारख्या पिवळसर कोटात आणि लाल फेसिंगमध्ये. ही एक तुकडी मन लावून रंगवलीत की अख्ख्या करड्या रांगेला उठाव येतो.

करडा रंग सोपा वाटतो आणि तिथेच दगा देतो. बाटलीतला तयार करडा थेट लावला तर शिपाई प्रायमरवरच (रंगाआधीच्या पहिल्या हातावरच) सोडून दिल्यासारखा दिसतो. हे कापड न रंगवलेल्या लोकरीचं, तेव्हा त्यात किंचित तपकिरी मिसळा. सावलीसाठी काळा वॉश (खाचांत उतरणारा पातळ रंग) नको, पातळ केलेला तपकिरी वॉश घ्या. हायलाइटला, म्हणजे उंचवटे उजळायला, पांढऱ्याऐवजी हस्तिदंती वापरा. दर बटालियनला करड्याची छटा जराशी हलवा, कारण वेगवेगळ्या कंत्राटातलं कापड कधीच एकसारखं येत नसे. फौज रंगवून झाली असेल आणि करडा मेलेला वाटत असेल तर पुसायची गरज नाही. पातळ तपकिरी ग्लेझचा (पारदर्शक रंगाचा) एक हात द्या, कोटाला ऊब येते.

सगळे स्वीडिश एकाच साच्यातले

निळा कोट आणि पिवळं फेसिंग हा स्वीडिश पायदळाचा नियम खरा, पण त्याला अपवाद आहेत. योनशोपिंग रेजिमेंटचं फेसिंग लाल. शिवाय हेल्सिंगबोर्गला उभी असलेली फौज घाईत जमवलेली. नव्याने भरती केलेल्या अनेक तुकड्यांना करड्या जाड्याभरड्या लोकरीच्या कोटावर भागवावं लागलं. याच भरतीवरून ‘स्टेनबॉकची शेळ्या राखणारी पोरं’ ही दंतकथा निघाली: मेंढीच्या कातड्यातले, लाकडी खडावा घातलेले शेतकरी येऊन डॅनिश सैन्याला पळवून लावतात. ऐकायला गोड आहे, पण अख्खी फौज कातड्यात रंगवू नका. बहुतेक रेजिमेंटांना ठीकठाक गणवेश मिळाला होता. माझ्या मते दोन-तीन बटालियन करड्यात ठेवाव्यात आणि मागच्या रांगांत कुठे कातडी बंडी, कुठे कार्पुस (दुमडत्या कडांची कापडी) टोपी द्यावी. तेवढ्याने त्या हिवाळ्याची ओढाताण टेबलावर उतरते.

अधिकाऱ्यांच्या बाबतीत हात हमखास घसरतो. शिपायाचं बघून अधिकाऱ्यालाही पिवळ्या बाह्या दिल्या जातात. स्वीडिश अधिकाऱ्याचा कोट मात्र बाह्यांसकट निळा, त्यावर सोनेरी किनार. चूक झाली असेल तर पिवळ्यावर निळा चढवा आणि कडेने सोनेरी रेघ ओढा, पाच मिनिटांचं काम आहे.

भाले विसरू नका. बाकीच्या पश्चिम युरोपात भाला मागे पडत चालला होता, पण स्वीडिश बटालियनचा जवळपास तिसरा हिस्सा अजून भालाईत होता. पूर्ण बटालियन ६०० माणसांची. एक मूर्ती म्हणजे २५ माणसं धरली तर २४ मूर्ती होतात, त्यातले आठ भालाईत मध्यभागी आणि दोन्ही बाजूंना बंदूकवाले. भाला पाच मीटरहून लांब, म्हणजे २८ मिमी उंचीच्या मूर्तीच्या हातात साधारण नऊ सेंटिमीटर. डब्यातला मऊ धातूचा भाला वाकतो, तुटतो. तो काढून पोलादी तार लावा. रंगवण्याआधी तार बारीक सॅंडपेपरने घासली नाही तर रंगाचे पापुद्रे निघतात. तारेचं टोक बोटात शिरण्याइतकं टोकदार ठेवू नका.

निळा काळवंडतो, पिवळा झाकत नाही

या फौजेचा खरा कस इथे लागतो. निळा गडद घेतला, काळ्या प्रायमरवर चढवला आणि वर काळा वॉश दिला, की हातभर अंतरावरून सगळी बटालियन काळी दिसते. लहान मूर्तीवर रंग मुळातच गडद भासतो, म्हणून कापडाच्या कल्पनेपेक्षा एक पायरी फिका निळा धरा. त्यात थोडा करडा मिसळला की खेळण्यासारखी चकाकी जाते. सावली गडद निळ्याने द्या. हायलाइटला नुसता पांढरा मिसळलात तर निळा खडूसारखा आणि आकाशी होतो, त्यापेक्षा फिकट निळसर-करडा बरा. ठरवलेलं मिश्रण पॅलेटवर करू नका. रिकाम्या ड्रॉपर बाटलीत सगळ्या फौजेला पुरेल एवढं एकदम करा, नाहीतर तिसऱ्या बटालियनला तीच छटा पुन्हा जमत नाही.

पिवळ्याचं दुखणं वेगळं. पिवळा रंगद्रव्य म्हणून दुबळा. काळ्यावर किंवा निळ्यावर लावला की हिरवट दिसतो, मग आपण जाड थर देतो आणि बाहीवरची बटणं बुजतात. उपाय क्रमात आहे. बाह्या, उलटवलेले पदर आणि मोजे आधी गेरू-पिवळ्याने भरा, तो पहिल्या हातात झाकतो. त्यावर पिवळ्याचे दोन पातळ हात द्या. ते वाळल्यावर मगच कोटाचा निळा लावा. निळा पिवळ्यावर सांडला तर दुरुस्ती अवघड. पण पिवळा कोटावर गेला असेल तर वरून निळ्याचा एक फटकारा मारला की भागतं, म्हणून पिवळा आधी. बाही आणि कोट यांच्या सांध्यात गडद तपकिरी रेघ ओढा. काळी रेघ १५ मिमीला चालते, २८ मिमीला ती व्यंगचित्रासारखी दिसते.

पिवळ्यावर वॉश साचून तपकिरी डाग पडले असतील तर ओल्या स्वच्छ ब्रशने वॉश ओला असतानाच टिपून घ्या. वाळून गेला असेल तर उंचवट्यांवर मूळ पिवळा पुन्हा फिरवा. चामडी विजारीला हाच पिवळा लावू नका, ती फिकट बदामी ठेवा. नाहीतर कमरेखाली सगळा एकच गोळा होतो.

झेंडे

आजचा निळ्यावर पिवळ्या क्रॉसचा स्वीडिश झेंडा पायदळाच्या हातात देऊ नका. रेजिमेंटच्या पहिल्या कंपनीकडे राजचिन्हाचा पांढरा झेंडा असे. बाकीच्या कंपन्यांकडे रेजिमेंटच्या रंगाचे झेंडे, त्यांवर प्रांताचं चिन्ह. छापील कागदी झेंडा वापरताना कापलेल्या कडेची पांढरी रेघ उघडी राहते, तिला त्याच रंगाचा हात फिरवा. गोंद ओला असतानाच पेन्सिलीभोवती झेंड्याला वळण द्या, वाळल्यावर कागद फाटतो.

हिरवंगार मैदान

शहराच्या बाहेरची रिंगस्टोर्पची चढण आणि पोलशोचं जंगल ही इथली खुणेची ठिकाणं. पालवी फुटायला अजून अवकाश असलेला मार्च आहे, तेव्हा पाकिटातलं पोपटी स्टॅटिक गवत (बेसवर चिकटवायचं कृत्रिम गवत) शोभत नाही. मातकट बेस, वाळक्या गवताचे पिवळट झुपके, बिनपानांची झाडं. बर्फाचा मोह आवरा. पांढऱ्याशुभ्र बेसची हौस असेल तर नॉर्वेच्या डोंगरांतून १७१८-१९च्या हिवाळ्यात परतणारी स्वीडिश सेनापती आर्मफेल्टची फौज घ्या. तीन हजारांच्या आसपास माणसं थंडीने गेली त्या माघारीत. ती मांडणी रंगवायला वेगळं काळीज लागतं.

घोड्यांबद्दल एवढंच: एका स्क्वाड्रनला तपकिरीच्या तीन-चार छटा, काहींच्या पायांना पांढरे मोजे, पांढरे घोडे मोजकेच.

प्रायमर आणि वार्निश

विदर्भातल्या मे महिन्यात स्प्रे प्रायमर हवेतच वाळतो आणि मूर्तीवर वाळूसारखा बसतो. सकाळी लवकर, डबा जवळ धरून, छोट्या फवाऱ्यांत मारा. खरखर आलीच असेल तर ताठ टूथब्रशने घासा. तरी नाही गेली तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून सगळा रंग काढा. प्लास्टिकच्या मूर्तींना थिनर किंवा अ‍ॅसिटोन लावू नका, चेहरे विरघळतात.

कोकणात आणि मुंबईत उलटं संकट. जून ते सप्टेंबर दमट हवेत मॅट स्प्रे मारला की पांढरी धुरकट साय चढते, आणि निळ्यावर ती सर्वांत उठून दिसते. मूर्ती फुकट गेली असं समजून रंग काढायला बसू नका. ब्रशने ग्लॉस वार्निशचा एक हात द्या, बहुतेक वेळा साय पारदर्शक होऊन खालचा रंग परत दिसतो. पूर्ण एक दिवस वाळू द्या, मग मॅट वार्निश ब्रशनेच लावा. पावसाळ्यात स्प्रेचा डबा कपाटातच ठेवलेला बरा.